हाकेच्या अंतरावर

जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घ्यायचा आणि तरी कुणाला राग येऊ द्यायचा नाही, ही किमया अख्ख्या बेळगावात एकाच माणसाला साधली होती. ते म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, अण्णा. टिळकवाडीतल्या एका खाजगी गुप्तहेराकडे ते मदतनीस होते. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं: मुलगा पितो का, सांगतो तिथंच नोकरीला आहे का. पण अण्णांनी ते इतकं मनावर घेतलं होतं, की आमच्या घरी कुंदा खाताना तो कुठल्या दुकानातला, नेहमीच्या दुकानातून का आणला नाही, याचा माझ्याकडून रीतसर जबाब घेतल्याशिवाय त्यांचा चमचा हलायचा नाही. पाळतीवर निघताना ते काळा चष्मा लावत, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना लांबूनच ओळखायची. एकदा निपाणीत ज्या नवऱ्यामुलाच्या मागावर गेले, त्यानंच त्यांना शेवटी गाडीवरून स्टँडवर सोडलं. अण्णांनी अहवालात लिहिलं, "पोरगा चांगला आहे. एवढा चांगला का, ते बघायला पाहिजे."

दोन वर्षांपूर्वी वडगावची एक विधवा बाई त्यांच्याकडे आली. घरीच मागावर साड्या विणायची. तिचा धाकटा भाऊ लांब घाटाकडे, कणकुंबीला एकटा राहून कुणाची तरी काजूची बाग राखायचा. तो चिऱ्याच्या एका बंद खाणीत मरून पडलेला सापडला होता. पडला आणि जागीच गेला, असं सगळे म्हणत. तिला ते पटत नव्हतं. अण्णांच्या साहेबांचा गुडघा धरला होता, म्हणून काम अण्णांकडे आलं, आणि स्कूटर माझी म्हणून मीही गेलो. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती.

निघण्याआधी अण्णांनी तिच्याकडे भावाचे कपडे मागितले. शर्टाला एक बाही नव्हती. ती त्याच पिशवीत तळाशी निघाली, पायाला बांधलेल्या पट्टीसारखी गुंडाळलेली, दोन गाठी मारलेली. अण्णा बराच वेळ त्या गाठींकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "दाजी, जागीच गेलेला माणूस पट्टी कशी बांधील?"

खाणीपासून हाकेच्या अंतरावर चार घरं होती. अण्णांनी प्रत्येक दारात विचारलं. शेवटी एका म्हातारीनं मान खाली घालून सांगितलं, "ओरडत हुता की. दोन दिस. रोजच पिऊन ओरडायचा, आमास्नी वाटलं आजबी प्यालाय."

कुणी मारलं नव्हतं. पकडावं असंही कुणी नव्हतं. परतताना मागं बसलेले अण्णा एकदाच बोलले, "आपण तरी गेलो असतो का, दाजी?"

वडगावच्या बाईला यातलं काही सांगू नका, असं मी त्यांना परोपरीनं विनवलं. पण अण्णांना खोटं बोलणं कधी जमलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. बाईनं माग थांबवला.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "त्यो गप पडून राहणारा न्हवता. सगळी म्हणायची जागीच गेला, आन् मला तर हितं मागावर बसून रोज त्याचं ओरडणं ऐकू यायचं. वाटायचं, मीच येडी झाले."

मग उठून तिनं चहा टाकला.

अण्णांनी ते काम सोडलं. आता संध्याकाळी गल्लीत कुणी ओरडायला लागला, की लोक खिडक्या लावून घेतात आणि अण्णा तसेच बनियनवर खाली उतरतात. बहुतेक वेळा तो नुसता प्यालेलाच असतो. अण्णा त्याला विचारतात, कुठं लागलंय का रं, आणि त्याचा डोळा लागेपर्यंत शेजारी पायरीवर बसून राहतात.