मोठ्याईच्या मच्छरदाण्या

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. चुलतभावाचं, प्रशांतचं नाव दिसलं आणि माझ्यानं फोन उचलवेना. चार वेळा वाजून बंद पडला. इतक्या सकाळी तो कशासाठी फोन करतोय हे मला कळलं होतं, पण आपण उचलला नाही तोवर ते खरं होणार नाही, असं काहीतरी मनानं धरलं होतं… पाचव्यांदा उचलला. "मोठ्याई गेली," एवढंच तो म्हणाला. नागपूरच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं.

गुरुवारी ती माझ्याशी बोलली होती. "पोरी, मले लय भेव लागून राहिलं. तू येतं का?" मी म्हटलं, "रविवारी येते ना मोठ्याई. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे, आजकाल दोन दिवसांत घरी सोडतात." "हाव, डॉक्टर बी तसंच म्हणते," ती म्हणाली. फोन ठेवायचा नव्हता तिला, हे मला तेव्हाही समजत होतं. शेवटी तीच म्हणाली, "बरं, ठेव. तुले शाळा असन." आणि मी ठेवला.

मोठ्याई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची, मोठेबाबांची, बायको, विमल. त्यांचं गाव अड्याळच्या पुढे, जंगलाला लागून. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या, आणि नोकरी लागल्यावरही सवय सुटली नाही. इतकी घाबरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. विजेला घाबरायची, विहिरीत वाकून पाहायला घाबरायची, मोठेबाबांना बाजारातून यायला उशीर झाला की दारात उभी राहून पदराचं टोक चावायची. आणि सगळ्यांत जास्त भ्यायची ती आभाळाला. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिनं घरामागच्या बाडीत भाजी लावली होती. फागुनात दुपारी गारा पडल्या, आणि पाच मिनिटांत वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळ्याचा चिखल झाला. शेजारची गाभण शेळी तिच्या डोळ्यांदेखत कुंपणाशी कोसळली. ती दारात उभी होती, पण तिला बाहेर पाऊल टाकता आलं नाही. "ते वरडत होती वो, अन् मी पाहून राहिली होती," हे ती मला पुढे कितीतरी वेळा सांगायची.

त्या भीतीतूनच वाफ्यांवरची तिची झाकणं आली. तिनं कोणाकडून शिकून घेतलं नव्हतं. बांबूच्या कामट्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, वाकवून त्यांची दोन्ही टोकं वाफ्याच्या दोन अंगांना मातीत खोचायची. हात-हात अंतरावर अशा कमानी उभ्या राहिल्या की त्यांच्यावर जुनी मच्छरदाणी. थंडीत तिच्यावर सुती लुगड्याची दुहेरी घडी, गारांच्या दिवसांत खताची पोती उसवून शिवलेली मोठी चादर. बांधायला सायकलच्या फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या, कडांवर विटा. कमान उभट पाहिजे, हे तिचं पहिलं सांगणं. बसकी राहिली की गारा वर साचतात आणि सगळं झाडांवर येऊन बसतं. पहिल्या वर्षी लोक हसले. "विमलच्या टमाटराले डेंगू होते काय?" असं बाया विहिरीवर म्हणायच्या. मग एका फागुनात पुन्हा गारा आल्या आणि गावात फक्त तिचीच बाडी हिरवी राहिली. त्यानंतर त्याच बाया जुन्या मच्छरदाण्या घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. ती प्रत्येकीच्या बाडीत जाऊन कमान हातानं हलवून पाहायची. "ढिली आहे, अजून खाली खोच. वारा आला तं कोन्टं धरशील?"

ज्या सकाळबद्दल मला लिहायचं आहे ती पौषातली होती. त्या वर्षी तलावाच्या पाळीवर वाघाचे पाय उमटलेले दिसत होते. दोन गोऱ्हे गेले होते, आणि अंधार पडायच्या आत गावची दारं लागत होती. मी नाताळच्या सुट्टीत गेले होते. सातएक वाजले असतील. धुकं इतकं दाट होतं की बाडीच्या कुंपणापलीकडचं लाखोरीच्या डाळीचं शेत दिसतच नव्हतं. आम्ही दोघी घमेलं घेऊन टमाटर तोडायला गेलो. टमाटरावरचं झाकण तिनं कमरेइतकं उंच केलं होतं, आत बसून तोडता यायचं. मी अजून बाहेरच होते. जंगलाच्या बाजूला माकडं खाकरल्यासारखी ओरडायला लागली, आणि गावातली कुत्री एकदम गप्प झाली. मोठ्याईनं माझा हात धरून मला खाली ओढलं, झाकणाच्या आत. घराचं दार वीस पावलांवर होतं. तिनं तिकडे पाहिलं आणि मान हलवली.

आम्ही ओल्या मातीवर पोटावर पडून होतो. लुगड्याखाली बाजूंना उघड्या राहिलेल्या मच्छरदाणीवर दव साचलेलं, त्यामुळे बाहेरचं सगळं दुधाळ. आधी वास आला… उग्र, ओल्या केसांचा. मग कुंपणाच्या आतून, वांग्याच्या वाफ्याच्या कडेनं, काहीतरी मोठं सावकाश चालत आलं. मला त्याचे पाय दिसत होते. माती दबल्याचासुद्धा आवाज नव्हता. मोठ्याईनं तळहात माझ्या तोंडावर दाबला होता. ते आमच्यापासून सात-आठ हातांवर थांबलं. मला आईची आठवण झाली नाही, कशाचीच झाली नाही. वर एक थेंब जाळीला लटकलेला होता, तो पडू नये एवढंच मला वाटत होतं.

आणि तेवढ्यात पलीकडून बादलीच्या कडीचा आवाज आला. शेजारची रंजना, सहा महिन्यांची पोटुशी, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत आमच्या विहिरीकडे येत होती. धुक्यात तिला काहीही दिसत नव्हतं. त्या पायांनी दिशा बदलली.

माझ्या तोंडावरचा हात निघाला. मला वाटलं ती कान झाकून घेते आहे. पण मोठ्याई उभी राहिली. झाकणासकट उभी राहिली… कामट्या मातीतून उपटून आल्या आणि ती सगळी पांढरी मच्छरदाणी, वरचं लुगडं, कमानी, सगळं तिच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना पसरलं. "रंजने, पय! घरात पय! वाघ आहे वो!" तिनं घमेलं उचललं आणि विटेनं बडवायला लागली. मी तशीच पडून होते. माझ्यानं उठवलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते. वाघ वळला. त्यानं त्या पांढऱ्या हलणाऱ्या गोष्टीकडे पाहिलं, मला वाटलं खूप वेळ पाहिलं, आणि एका उडीत कुंपण ओलांडून लाखोरीत गेला. बादली पडल्याचा आवाज आला, मग रंजनाच्या दाराची कडी, आणि मग सगळं गाव एकदम ओरडायला लागलं.

लोक दिवसभर येत राहिले. मोठ्याई खाटेवर दोन चादरी घेऊन बसली होती आणि तिचे दात वाजत होते. तीन दिवस तिच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नाही. "विमल, तू तं लय धीट निंघाली," असं एकजण म्हणाली, तर ती चिडली. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "झूठ आहे सारं. मी अजून थरथरूनच राहिली. पण त्या शेळीच्या वक्ताले मी दारात उभी राहिली ना पोरी… तसं पुन्हा नाही उभं राहवत." रंजनाला मुलगी झाली. आता ती चौथीत आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी शाळेतून रजा काढून आठवडाभर तिथेच राहिले. ज्या रविवारी मी तिच्याजवळ पोचणार होते, तो माझ्या मनातून जात नाही. ती त्या दवाखान्यात, अनोळखी पंख्याखाली, कोणाचा हात धरायला शोधत असेल का… हा विचार सुरू झाला की मी उठून काहीतरी काम काढते. मोठेबाबा फारसे बोलत नाहीत. पण पाचव्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन आलं, आणि ते काठी टेकत बाडीत गेले. मी मागून गेले. त्यांनी पोत्यांची चादर ओढून वाफ्यांवर घातली आणि एकेक गाठ ओढून पाहायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे, खाली बसता येत नाही, तरी बसले.

"मोठेबाबा, राहू द्या. मी करते," मी म्हटलं. "नुसतं ढग आहे, गारा नाही यायच्या."

"मले बी मालूम आहे," ते गाठ न सोडता म्हणाले. "पण तिले भेव लागते ना."

मी भिंतीकडे गेले आणि विटा आणायला लागले.