नकाशावरची चिठ्ठी

आमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं, की पहिल्या कोऱ्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवायचं काम माझं. एकदा घाईत मी ती एका साहसकथेच्या नकाशावरच डकवली. जादूच्या राज्याचा अर्धा मुलूख चिठ्ठीखाली गेला.

सहावीतली सानिका ते पुस्तक परत करायला आली, तेव्हा मला हे कळलं. "काकू, नदीच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं," ती म्हणाली. मी ओशाळले. ओला बोळा फिरवून चिठ्ठी सोडवते म्हटलं, तर तिने पुस्तक छातीशी धरलं. "नको. मी वाचून वाचून काढलंय." वहीच्या कागदावर तिने उरलेला नकाशा काढला होता. दलदल, पडका बुरूज, आणि गोष्टीतली मुलं वाट चुकली तिथे फुली.

या वयात शाळेची रिक्षा, क्लासची वेळ, अगदी डब्यातली भाजीही दुसऱ्यानेच ठरवलेली असते. या पुस्तकांत मात्र मोठी माणसं वेशीपाशीच थांबतात, आणि पुढची वाट अकरा वर्षांच्या पायांना शोधावी लागते. "राक्षसांच्या गोष्टी वाचून काय मिळतं?" असं पालक विचारायचे, तेव्हा मी नुसतं हसून सोडून द्यायचे. आता नाही. आता ठणकावून सांगणार आहे, चिठ्ठीखालचा मुलूख मिळतो.

"पण पुढच्या वाचकासाठी तरी चिठ्ठी काढायला हवी ना?" मी म्हटलं.

पुस्तक टेबलावर ठेवून निघालेली सानिका दारातून वळली. "राहू द्या काकू. त्यालाही जाऊ दे की चालत."