पडण्याचा शॉट

टायरच्या दुकानावरच्या लांबट हॉलमध्ये सर ज्युदो शिकवायचे. नवीन पोरगं आलं की त्याला वाटायचं, आजच कुणाला तरी उचलून आपटायला मिळणार. सर त्याला आधी पडायला शिकवायचे. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि अंग मॅटला टेकताना तळहाताचा सणसणीत फटका मॅटवर. "पाठीला बसणारा मार हाताने वाटून घ्यायचा," ते सांगायचे. कितीतरी दिवस नुसतं पडणं, उठणं, पुन्हा पडणं. अर्धी पोरं कंटाळून गळायची. टिकलेल्यांत सरांची एकुलती एक लेक होती. ती पडायची ते बघत राहावं असं. मॅटवर टेकते न टेकते तोच पुन्हा उभी.

ती मोठी झाली, स्पर्धा जिंकू लागली, आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मला सिनेमात काम मिळालंय. हिरॉइनच्या जागी मारामारी करायची."

"तोंड दिसणार का तुझं?"

"छे! केसांचा टोप घालून पाठमोरी."

सरांचा घास हातातच राहिला. सिनेमातली मारामारी त्यांच्या डोक्यात जायची. एक लाथ बसली की माणूस भिंत फोडून पलीकडे. गुंडांचा घोळका नुसता उभा, आणि एकेक जण पुढे येऊन मार खाणार, जसा काही दवाखान्यात नंबर लावलाय.

"त्यात ज्युदो कुठाय?" ते म्हणाले.

"नाहीचे. पण मी आहे ना," लेक हसली.

बायकोने डोळ्यांनीच दटावलं, तसे सर गप्प बसले. लेकीने ते गप्प बसणं होकार म्हणून धरून टाकलं.

कामात तिने नाव काढलं. घरी यायची ती अंगावर काळेनिळे डाग घेऊनच. आई गरम पाण्याची पिशवी घेऊन शेजारी बसायची, आणि ही तिला सेटवरच्या गमती सांगून हसवायची. सर आतून ऐकायचे. सिनेमाला मात्र ते एकदाही गेले नाहीत.

मग एका दुपारी सेटवर मारामाऱ्या बसवणाऱ्या फाइट मास्टरचा फोन आला. जिन्याचा कठडा मोडतो आणि हिरॉइन खाली कोसळते, असा शॉट होता. सर आणि बायको दवाखान्यात पोचले तेव्हा लेक पाठीवर सपाट झोपलेली होती. आई तिचे तळपाय चोळू लागली, पण लेकीला ते कळत नव्हतं. मणक्याला मार होता. पाय पुन्हा चालतील असं डॉक्टरांनी काही म्हटलं नाही.

फाइट मास्टर बाहेर बाकावर बसला होता, रडून डोळे सुजलेले.

"माझी पोरगी पडताना चुकणार नाही," सर त्याला म्हणाले. "झालं काय नेमकं?"

"अपघात झाला, सर," एवढंच तो म्हणत राहिला.

लेकीला घरी आणलं. तिनेही तो विषय कधी काढला नाही, आणि सरांचीही विचारायची छाती झाली नाही.

काही महिन्यांनी तो सिनेमा लागला. "जाऊ नका हो," बायकोने हात धरला. सर हात सोडवून दुपारच्या खेळाला गेले.

सिनेमावाल्यांनी तो शॉट ठेवला होता. कठडा मोडला, लेक खाली आली, आणि खुर्चीच्या हातावर सरांचा तळहात आपोआप फाडकन आपटला. पडद्यावर तिचा हात मात्र तसाच लोंबकळत राहिला. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. पडद्यावर तेवढं पडणं संथ करून पुन्हा दाखवलं. सर उठून बाहेर आले.

घरी लेक जागीच होती.

"बघून आलात?"

"हो. हात का नाही मारलास गं?"

ती छताकडे बघत म्हणाली, "आधी मारला होता, बाबा. दिग्दर्शक म्हणाले, असं पडलीस की बाई पडायला शिकलेली वाटते. लोकांना वाटलं पाहिजे, ही मेलीच. मग पुढच्या वेळी आवरला."

"आवरलास?"

"फार जड गेलं. जातच होता तो."

सरांनी तिची चादर सारखी केली. तिनेच विचारलं, "लोकांना आवडलं का पण?"

"शिट्ट्या वाजल्या."

"खूप?"

"खूप."

तिच्या तोंडावर किंचित हसू आलं. सर स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि वाहत्या पाण्याकडे बघत उभे राहिले.

सिनेमा चालला. क्लासला एकाएकी गर्दी झाली. "सर, ते कठड्यावरून पडायचं शिकवा ना," म्हणत पोरं आली. सरांनी त्यांना रांगेत उभं केलं, हनुवटी, पाठ, हात, सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पण पोरांचे तळहात एकदम मॅटवर वाजले की ते पाठ फिरवून खिडकीशी जायचे. थोडे दिवस त्यांनी ते सोसलं. मग एका सकाळी मॅट गुंडाळून जवळच्या शाळेला देऊन टाकल्या आणि हॉलची किल्ली टायरवाल्याच्या हातात ठेवली.

आता रोज चहानंतर ते लेकीचे पाय हलवून घेतात. गुडघ्यात वाकवायचे, सरळ करायचे, पुन्हा वाकवायचे. ती कोपरांवर उठून बघते.

"जोर लावा हो बाबा," ती म्हणते. "मला काही कळत नाही तिथलं."

सर जोर लावतात, पण बेताचाच.