हौदातली हाक

अर्धा हौद घासून झाला आणि पार्वतीबाईंचा गुडघाच धरला. पायाखाली शेवाळाचा चिखल, हातात काथ्याची घासणी. वर चढणं काही जमेना. नळ दुपारी सुटणार होता. तो एकदा चुकला की मुरुडात पुन्हा पाणी कधी येईल, याचा भरवसा नव्हता.

देगलूरहून त्या सून म्हणून आल्या तेव्हा घरात चूल एकच होती. पुढं दिरांच्या चुली वेगळ्या झाल्या, भांडीकुंडी वाटली गेली. अंगणातला हौद तेवढा सगळ्यांचा राहिला. पाणी तिन्ही घरं भरत. हौद हिरवा दिसला की धाकटी जाऊ उज्वला म्हणे, भावजींच्या घरचं कुणी बघंल. मधले दीर सिद्धलिंग म्हणत, वैनी हाय की. मग वैनीच पूजा आटोपून, पदर खोचून आत उतरत.

त्यांनी हाक मारली. ओसरीवर बसलेल्या सिद्धलिंगांना वाटलं, उज्वला बघंल. भाकरी थापणाऱ्या उज्वलेला वाटलं, भावजी हायतच. दुसऱ्या हाकेचंही तेच झालं. शेवटी उज्वला घागर घेऊन आली तेव्हा आत डोकावली.

"अगं बया! अक्का, कवापासून अडकलाव? हाका मारायच्या की."

"मारल्या बाई. तुम्ही दोन्ही घरांनी एकमेकांवर ढकलल्या."

तिनं सिद्धलिंगांना बोलावलं, आणि दोघांनी मिळून त्यांना वर घेतलं. पुढल्या बारीला बघू, आज असाच भरू, असं सिद्धलिंग म्हणाले. पार्वतीबाई कठड्यावर टेकल्या.

"भरा. पण ह्यातलं पाणी मी पिणार न्हाई, आन देवालाबी घालणार न्हाई. माझं खाली उतरणं संपलं."

उज्वलेनं पदर खोचला. आपल्याला घासता येत नाही, असं सिद्धलिंग पुटपुटले.

"पिता येतंय न्हवं?" म्हणत तिनं घासणी त्यांच्या हातात दिली.

राहिलेला कोपरा पार्वतीबाई वरून दाखवत राहिल्या. घासून झालं, आणि तळाच्या स्वच्छ दगडावर नळाची धार पडली. त्याच दिवशी हौद घासायची पाळी ठरली: ज्याची पाळी त्याच्या घरी नळाच्या कॉकची किल्ली, आणि घासल्याशिवाय कॉक उघडायचा नाही.

पार्वतीबाईंनी पहिला तांब्या देवाजवळ ठेवला. सिद्धरामेश्वरा, गुडघा दुखवलास तो काही उगीच नाही, घर एका जागी आणलंस, असं म्हणून हात जोडले. मग ज्वारीचा डबा काखेला मारून त्या लंगडत दळणाला निघाल्या.