नव्या हाताची पात

मी मुठ्यातून, आमच्या मुळशीतल्या गावातून, कॅनडाला निघाले तेव्हा आई दुसऱ्याच्या खाचरात उभी होती. त्या वर्षी आवणी, म्हणजे भाताची लावणी, लांबली होती आणि त्या दिवशी सावडीत शेजारच्या काकूंची पाळी होती. सावड म्हणजे आज आम्ही सगळ्या तुझ्या शेतात, उद्या तू आमच्या. मजुरी नाही, पण दांडीही नाही. वडिलांनी पिरंगुटच्या कारखान्यातून सुट्टी घेतली होती. त्यांनी बांधाशी गाडी थांबवून हॉर्न वाजवला. आई चिखलातून सरळ झाली, एकदा माझ्या नव्या कपड्यांकडे आणि एकदा आपल्या हातांकडे पाहिलं, आणि जागची हलली नाही. म्हणाली, "जा बाई. पात सोडून येत न्हाई मी." चांदणी चौक येईपर्यंत मी धुमसत होते. पोटची पोर सातासमुद्रापार निघालीय आणि हिला काकूंच्या भाताची पडलीय!

त्याच खाचरात मी आवणी शिकले होते. प्रत्येकीला आपल्या रुंदीची एक पात असते, तेवढ्यात रोपं लावत मागं मागं सरकायचं. आईचा नियम होता, "नवा हात कडंला टाकू न्हाई, मदी घ्यावा." नवीला मधे घेतलं की शेजारच्या दोघी तिच्या पातीतली थोडी रोपं गुपचूप आपल्या हातानं लावून टाकतात, म्हणजे ती मागे पडत नाही. आणि याबद्दल कुणी बोलायचं नसतं. लावणारीनं नाही, आणि जिची लावली तिनंही नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, काय हात चालतोय माझा! पुढच्या वर्षी एका नव्या सुनेला माझ्या शेजारी उभं केलं, तेव्हा कळलं माझा हात कुणाकुणाच्या जोरावर चालला होता ते.

कॅनडात आल्यावर हे शहाणपण कुणी विचारेना. पर्यावरण विषयात मास्टर्स करत होते आणि को-ऑपसाठी कंपन्यांकडे अर्ज करत होते. को-ऑप म्हणजे शिक्षण चालू असताना मधली एक टर्म कंपनीत पगारी नोकरी करायची; ती झाली तर पुढची दारं उघडतात, नाही झाली तर डिग्री हातात घेऊन उभे राहा. आईला मी फोनवर को-ऑप म्हटलं, तर पुढची कित्येक वर्षं ती भावकीत सांगत होती की वंदी तिकडं दूध सोसायटीत लागलीय.

आज को-ऑपची अशी मुलं मीच नेमते. आमची कंपनी नद्यांचे काठ आणि पाणथळ जागा दुरुस्त करते. कुठं कारखान्यानं भराव टाकलेला असतो, कुठं वसाहतीनं ओढा बुजवलेला असतो. तिथं पुन्हा पाणी खेळवायचं आणि स्थानिक लव्हाळं, वेताच्या जातीचं गवत लावायचं. छातीपर्यंतचे रबरी बूट घालून चिखलात ओळीनं वाकायचं आणि रोपं लावत मागं सरकायचं. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. एवढं शिकून, एवढा प्रवास करून मी आवणीलाच येऊन पोचले होते!

दर उन्हाळ्यात येणाऱ्या को-ऑप विद्यार्थ्यांना मी मधे घेते. पूर्वी त्यांना कडेला मोजमाप धरायला उभं करत आणि चार महिन्यांत ती पोरं फक्त टेप धरायला शिकत. आता आमच्याकडून गेलेली मुलं नद्यांची कामं सांभाळतात, स्वतः माणसं नेमतात, आणि नव्यांना मधे घेतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. मुळशीच्या माणसाला विनय तसाही शोभत नाही.

यंदा आमच्याकडे एकच जागा होती. मुलाखतीला बोलावलेल्यांत एक नाव होतं प्राणाली, गाव भरे, तालुका मुळशी. मी ते दोनदा वाचलं. इथल्याच विद्यापीठात शिकत होती आणि मला पत्ताही नव्हता. तिची ही शेवटची संधी होती. ही टर्म हुकली तर को-ऑपशिवायच डिग्री घ्यावी लागणार होती. मला पत्ता नव्हता, पण मुळशीला होता. दोनच दिवसांत आईचा फोन आला. प्राणालीची आई बुद्धविहाराच्या कार्यक्रमात तिला भेटली होती.

"पोरगी आपल्या हितली हाय. तुझ्याच हातात हाय म्हणत्यात. काय इचारणार त्येवढं सांग की तिला."

मी नाही म्हटलं. प्राणालीशी मुलाखतीआधी एक शब्दही बोलणार नाही, आणि ती माझ्या गावाकडची असल्यानं निवडीलाही बसणार नाही, असं सांगितलं. आई म्हणाली, "लई मोठी झालीस." फोन ठेवला. नंतर दोन रविवार तिनं फोन उचलला नाही. वडील उचलायचे आणि आई गोठ्यात आहे म्हणायचे. आमचा गोठा कधीच मोडलाय, त्या जागेवर आता वडिलांची मोटरसायकल असते.

खोटं कशाला सांगू, मला ते लागलं. पण माझी वरिष्ठ मार्गारेट, जी माझ्याबरोबर ही निवड करते, तिला मी सगळं सांगितलं, आईच्या फोनसकट. ती म्हणाली, बरं, तू बाहेर बस.

मुलाखत चालू असताना मी बाहेर बसले होते आणि समोरच्या स्क्रीनवरचं एक अक्षर वाचत नव्हते. मार्गारेट दार लोटून बाहेर आली. चेहरा गंभीर होता. गटात एखादा मागे पडला तर काय करशील, हा आमचा नेहमीचा प्रश्न तिनं सगळ्यांना विचारला होता. बाकीच्यांनी मीटिंग घेईन, समजावून सांगेन असं सांगितलं होतं. या मुलीनं सांगितलं, त्याला मधे घेईन, त्याचं थोडं काम शेजारच्यांनी न बोलता उचलायचं.

मार्गारेटनं सरळ विचारलं, "हे तू तिला शिकवलंस का? ही तर तुझीच पद्धत आहे."

माझ्या पद्धतीपायीच पोरीची जागा जाणार होती. मी म्हटलं, "मी तिच्याशी बोललेले नाही. आणि ही पद्धत माझी नाही, आमच्या खोऱ्यातल्या बायकांची आहे. ती तिच्या आईकडून शिकली असेल, मी माझ्या आईकडून शिकले."

मार्गारेट म्हणाली, "तुझ्या आईच्या फोनचं तू आधी सांगितलं नसतंस, तर मी तिला घेतलं नसतं. आता घेते."

त्या संध्याकाळी फोन आईनं उचलला. तिला बातमी आधीच कळली होती; भऱ्याहून मुठ्याला बातमी यायला इंटरनेट लागत नाही. मी तिला मार्गारेटचं वाक्य सांगितलं. तुझं ऐकलं असतं तर पोरीचं नुकसान झालं असतं, हेही सांगितलं, कारण मी तिचीच मुलगी आहे. आई म्हणाली, "व्हय. पात सोडली न्हाईस तू." बस्स, एवढंच. इतक्या वर्षांनी मला त्या बांधावरची आई नीट दिसली. तिला माझी माया कमी नव्हती. काकूंची पात तिनं धरली होती, आणि धरलेली पात सोडायची नसते.

मुठ्यातल्या त्या खाचरात आता कुणाचा तरी वीकेंडचा बंगला आहे, त्यापुढे हिरवळ आहे. भूगावपासून तर इमारतींतून आकाश शोधावं लागतं. सावडीला बायका मिळत नाहीत असं आई सांगते. जे तिथं राहिलेत त्यांना हे रोज दिसतं, आणि माझ्यासारखे जे निघून आलेत ते फोटो बघून हळहळतात. मीही हळहळत असे.

परवा लावणीचा पहिला दिवस होता. प्राणालीला मधे घेतलं, मी तिच्या डाव्या हाताला. पोरगी पहिल्यापासूनच सपासप हात चालवायला लागली. माझी कंबर आता पूर्वीची नाही. दुपारी मी वाकलेली सरळ झाले, जरा श्वास घेतला, आणि पाहिलं तर माझ्या पातीतली पुढची रोपं लागलेली होती. प्राणाली मान खाली घालून आपल्या पातीत काम करत होती, जणू काही झालंच नाही.

डोळे भरून आले. वाटलं, मी घरीच आहे. पण बोलले नाही. बोलायचं नसतं.