सवतीचा फोटो

बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात पोटात गेला, की डोळे उघडे ठेवणं माणसाच्या हातात राहत नाही. मी पडवीतल्या बाकावर आडवी होते. समोर भिंतीला टेकवून ठेवलेली फ्रेम आहे. ती मी टांगलेली नाही, आणि टांगणारही नाही असं सकाळपासून स्वतःला बजावते आहे.

फ्रेम दमयंतीने आणली. दमयंती पुनाजी, मॉरिशसची. आमचा खापरपणजा पुनाजी धुरी उसाच्या मळ्यात राबायला मोरसला, म्हणजे मॉरिशसलाच, गेला, तो परत आलाच नाही. तिथे त्याने दुसरी बायको केली, सुखिया नावाची. दमयंती त्या घरातली, मी या घरातली. तिच्याकडे सगळं आहे. जहाजाचं नाव, मळ्याचं नाव, बेटावर सरकारने काढलेले दोघांचे फोटो, तेच या फ्रेममध्ये आहेत. त्याचं नाव तर ती आडनाव म्हणून मिरवते. गावाने तिला शाल दिली, नारळ दिला. पुनाजीसारखा कष्टाळू माणूस झाला नाही म्हणून सरपंच गहिवरले. मेल्या म्हशीला मणभर दूध. या घरात रोज दिवा मी लावते, पण मला कधी कुणी नारळ दिलेला नाही.

मला जळायला होतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मीही शोध घेतला होता, पण भागीरथीचा. ती पुनाजीची इथली बायको, माझी खापरपणजी. सर्वपित्रीला आम्ही नाव घेतो म्हणून ते नाव तरी उरलं. मुंबईच्या पुराभिलेखागारात मी दोन उन्हाळे घातले. काही नाही. जो जातो त्याचे कागद होतात. जी चुलीपाशी राहते तिची नोंद कोण ठेवणार? दमयंतीने आणलेल्या पुनाजीच्या नोंदीत मात्र एक रकाना होता. लग्न झालंय का? नाही.

आज संध्याकाळी ती चहाला येणार आहे. फ्रेम भिंतीवर दिसायला हवी, एवढंच तिचं मागणं आहे.

डोळे मिटतात. आत भांडं वाजतं. मांजर असेल म्हणून मी उठते, तर स्वयंपाकघरात गॅसची शेगडी नाही. चूल आहे, धूर आहे, आणि माझ्याकडे पाठ करून एक बाई निखारे सारखे करते आहे. ती कोण, हे मला विचारावं लागत नाही.

"इलंस?" ती म्हणते. "बस. ती दिसता कशी?"

"कोण?"

"वेड पांघरू नको गो. भायर टेकवन ठेवलंस ती."

मरून शंभरावर वर्षं झालेली बाई आणि पहिला प्रश्न हा. मला एकदम ती आवडते.

"बरी आहे," मी म्हणते.

"माझ्यापरास?"

"तुला कुठे पाहिलंय मी? इकडे तोंड कर, मग सांगते."

ती हसते. खांदे हलतात, पण तोंड वळत नाही. "आधी तिका दाखय. मगे मी."

मी फ्रेम आणायला पडवीत येते. पडवीत रांग लागली आहे. माणसं उकिडवी बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात गाठोडं. बाकावर, जिथे मी झोपले होते, तिथे टोपीवाला कारकून बसून लिहितो आहे. भागीरथी माझ्यापुढे उभी, डोक्यावरून पदर. कारकून मान वर न करता विचारतो, "कुठे जाणार?"

"खंयच नाय," ती म्हणते.

तो टाक उचलतो आणि तिच्या मागच्या माणसाला पुढे बोलावतो. मी सांगू बघते की हिचं नाव भागीरथी, लिहा, एकदा तरी लिहा. तोंडातून आवाज फुटत नाही. भागीरथी मला कोपराने ढोसते.

"सोड. तेंका जाणाराच दिसता."

पायाखाली रेती आहे. वेंगुर्ल्याचा किनारा असावा, पण समुद्र आमच्या मागच्या दारापर्यंत आला आहे. भागीरथी गुडघ्यांवर बसून दर्भाचा पुतळा बांधते आहे. माणूस बारा वर्षं परत आला नाही, की त्याचा असा पुतळा करून अग्नी देतात, मग त्याची बायको विधवा. आमच्या घरी पुनाजीचा पुतळा जाळला होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

"हंय धर," ती म्हणते. मी पुतळ्याचं मनगट धरते. दर्भ बोटाला कापतो.

"तो जिवंत होता तेव्हा," मी म्हणते. "दमयंतीकडे कागद आहे. तुम्ही जित्या माणसाला जाळलंत. तुला कुणी कळवलं नाही?"

"माका म्हायत होता."

ती गाठ आवळते.

"वाडयेतलो गावडो मोरसहून परत इल्लो. विहिरीर माका सांगल्यान, पुनाजी बरो असा, तेणी दुसरी केल्यान. मी कोणाक सांगूक नाय. सासरो म्हणालो, बारा वर्सां झाली, पुतळो करूया. म्हटलं, करा. मीच बांधलंय. घट बांधलंय, सुटाक नको म्हणान."

"आणि कुंकू?"

"माझ्या हातान पुसलंय. तिची सवत होवन रवण्यापरास रांडाव बरी."

पुतळा पेटतो. ती डोळ्याला पदर लावत नाही. एवढी वर्षं आम्ही तिच्या नावाने हळहळत आलो, बिचारी म्हणत आलो. बिचारी कसली, नवऱ्याला जिवंतपणी पोचवून आली होती ही बाई. माझ्या पोटात कधीची जळणारी आग कुठून आली ते आज मला कळतं, आणि बरं वाटतं.

"आता दाखय," ती म्हणते.

फ्रेम माझ्या हातातच आहे. ती राखेतला हात न झटकता वाकून बघते. पुनाजीवरून तिची नजर नुसती सरकते. सुखियापाशी थांबते. सुखियाच्या गळ्यात काही नाही, कपाळ मोकळं, खाली नंबर. डोळे कॅमेऱ्याला भ्यालेले. कितीतरी वेळ भागीरथी बघते.

"ल्हान असा," ती म्हणते. मग, "माझ्यापरास बरी असा."

"नाही, तसं काही—"

"खोटा बोलू नको. माझे डोळे फुटूक नाय."

ती अंगठा उचलून काचेवर टेकवते, सुखियाच्या गालावर, आणि दाबते.

"आता तू," मी म्हणते. "ठरलं होतं आपलं."

ती माझ्याकडे वळू लागते. पदराची कड सरकते, कान दिसतो, हनुवटी दिसते.

"काकी, आहात का?" फाटकातून दमयंती हाक मारते आहे.

मी बाकावर आहे. ऊन पडवीच्या कडेवर आलंय. हाती आलेलं तोंड हिने घालवलं, तेसुद्धा हिनेच. रागाने उठते आणि फ्रेम उचलून आत न्यायला निघते, तेव्हा मला ते दिसतं. सुखियाच्या गालावर काळा अंगठा. पदराने घासते. जात नाही. नखाने खरवडते. डाग काचेच्या आतून आहे. रेषा न् रेषा उठलेली, मधे एक आडवा छेद, विळीवर कधी कापलं असेल तसा.

दमयंती पायरी चढून येते. "अरे, हा डाग कसला? मी काच काढून पुसते हां."

"हात लावायचा नाही," मी म्हणते.

तिच्याकडे जहाज आहे, मळा आहे, दोन फोटो आहेत. भागीरथीचा कागद जगात कुठेच नव्हता, आता आहे, आणि तो माझ्या घरात आहे. मी स्टूल ओढते, खिळा ठोकते आणि माझ्या हाताने सवतीचा फोटो भिंतीला टांगते.