हेराल्डचं इंजिन आणि बापूंचा कान

सिंहस्थ आटोपून दोन वर्षं झाली होती. माधव नगरच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली, भय्यासाहेबांची जुनी हेराल्ड आ वासून उभी होती. या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं, आणि आत काहीच नसलं की गाडी दंतवैद्याकडे बसल्यासारखी दिसते. इंजिनाचे सिलिंडर इंदूरहून बोअर होऊन, नव्यानं घासून आले होते, ते, गोणपाटावर बसून होतं. गिअर बॉक्स शेजारी, सतरंजीत गुंडाळलेला.

बापू दिघे चेन-पुलीची साखळी तपासत होते. राज्य परिवहनच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं फिटर, मग निवृत्ती, मग हे शेड. पार फ्रीगंजच्या बाजारापर्यंत त्यांच्या कानाची ख्याती होती. डेपोत बस शिरायची आणि बापू चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, "तिसरा इंजेक्टर गेला." उघडून बघावं तर तिसराच.

त्याच वर्कशॉपनं तो कान खाल्लाही होता. एकतीस वर्षं कॉम्प्रेसर, घणाचे ठोके, फुल रेसवर ठेवलेली डिझेल इंजिनं. डावा कान केव्हाच गेला, उजवा दोन वर्षांपासून निघायच्या तयारीत. बापूंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. समोरच्याचे ओठ वाचायचे, लोक हसले की हसायचे, आणि काही कळलं नाही तर मान डोलवून म्हणायचे, "हो, हो."

बायकोला, जयूला, हे ठाऊक नाही असं त्यांना वाटायचं. पण एकदा ते कुकरशेजारी पेपर वाचत बसले होते, सात शिट्ट्या झाल्या तरी पान उलटत राहिले. जयूनं उठून गॅस बंद केला, आणि तीही काही बोलली नाही.

आदल्या दिवशी मात्र जेवताना ते म्हणाले होते, "ही हेराल्ड शेवटची. ही नीट उभी राहिली तर ठीक, नाही तर शेडला कुलूप."

"नीट उभी राहिली तर?" जयूनं विचारलं होतं, त्यांच्याकडे तोंड करून.

"तर बघू. अजून हात चालतात."

ते हात रिकामे राहिले तर हा माणूस दिवसभर काय करेल, हे जयूला नको इतकं दिसत होतं.

सकाळी भय्यासाहेब स्वतःची वेताची खुर्ची घेऊन हजर झाले.

"पराग म्हणतो, बाबा, आता सगळं मिळतं बाजारात, नवी घ्या. मी म्हटलं, बापू आहेत तोवर माझी हीच नवी."

"हो, हो," बापू म्हणाले.

इंजिन साखळीवर चढलं, झुललं, आणि हलकेच आपल्या जागी उतरलं. मग क्लच. इथे बापूंची एक खास पद्धत होती. क्लचची प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून तिच्यातून तात्पुरता दांडा घालावा लागतो. बापूंनी तो जयूच्या लाटण्यातून घडवला होता.

"माझं शिसवी लाटणं होतं ते," जयू भय्यासाहेबांना म्हणाली. "तेव्हापासून पोळ्या वाकड्या होतात."

"आधी पण गोल नव्हत्या," बापू म्हणाले. हे त्यांना ऐकू आलं होतं. जयू समोर होती.

भय्यासाहेब हसले आणि नैनितालची गोष्ट सांगू लागले. सदुसष्ट साली, चढावर, याच गाडीत, बायको माई पुढच्या सीटवर. गोष्ट लांबलचक, मध्ये मध्ये प्रश्न. "बापू, बोला, मी काय केलं असेल?" बापूंना त्यांच्या ओठांवरून नजर काढता येईना. डोळे ऐकण्याच्या कामाला लागलेले. हातांनी प्लेट उचलली आणि आपल्या आपण बसवली.

पाठीमागे उभ्या जयूनं पाहिलं, की प्लेटचा स्प्रिंगांचा फुगीर भाग इंजिनकडे गेलाय. तो गिअर बॉक्सकडे हवा. पण गिऱ्हाइकासमोर नवऱ्याची चूक काढायची नाही, ही तिची रीत. ती हळूच म्हणाली, "अहो, एकदा देखून घ्या ना प्लेट."

तेवढ्यात भय्यासाहेबांची गोष्ट संपली. बापूंनी मान डोलवली, "हो, हो."

जयूला वाटलं, आपल्यालाच म्हणाले. इंदूरची नवी प्लेट आहे, असेल हिचं काही वेगळं.

हेराल्डचा गिअर बॉक्स गाडीच्या आतून बसवतात. सीट काढलेल्या. बापूंची पाठ वाकत नाही म्हणून हल्ली जयू पदर खोचून आत बसायची, फळीवरचा गिअर बॉक्स पुढे ढकलायची, आणि बापू समोरून पाना लावून इंजिन जरासं फिरवायचे, दाते दात्यांत शिरेपर्यंत. त्या दिवशी नशिबानं पहिल्याच खेपेला सगळं जुळलं.

चार वाजता इंजिन सुरू झालं. भय्यासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. बापू ड्रायव्हरच्या जागी पाटावर बसले, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. अख्ख्या गल्लीनं दात खाल्ल्यासारखा आवाज ऐकला. बापूंना तो हातात कळला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"प्लेट उलटी आहे," ते म्हणाले. "शिकाऊ पोरं करतात ही चूक."

"मी बोलले होते तुम्हाला," जयूच्या तोंडून गेलं.

"केव्हा?"

"तुम्ही हो म्हणालात ना."

बापूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भय्यासाहेबांकडे. "साहेब, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही गाडी इंदूरला न्या. मी सगळं सुटं करून, बांधून देतो."

भय्यासाहेब खुर्ची ओढून बापूंच्या अगदी समोर आले.

"म्हणजे दोन वर्षं मी जे बोलतोय, त्यातलं तुम्ही काहीच ऐकलं नाही?"

"थोडंफार."

"कमाल आहे. बापूंइतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही, असं मी घरी माईला सांगतो." त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. "इंदूरला माझं कोण बसलंय? उद्या येतो. आणि खुर्ची लांब ठेवतो, गप्प बसतो. पक्का."

ते गेल्यावर जयू पाटाच्या कडेला टेकली.

"तुला माहीत होतं," बापू म्हणाले.

"कुकरपासून."

"मग बोललीस का नाही?"

"तुम्ही नाही बोललात म्हणून. आणि आज बोलले ती पण पाठीमागून, चोरासारखी. चूक माझीही आहे. आता यापुढे मी लोकांसमोर बोलणार, तोंडावर बोलणार. चालेल?"

बापूंनी लगेच मान डोलवली. जयूनं त्यांची हनुवटी धरली. "हे 'हो, हो' नको. ऐकलंत का?"

"ऐकलं," बापू म्हणाले. "चालेल."

दुसऱ्या दिवशी गिअर बॉक्स पुन्हा बाहेर आला. प्लेट सरळ झाली, जयूनं बोटानं स्प्रिंगा चाचपून, मोठ्यानं, भय्यासाहेबांसमोर सांगितलं, "आता बरोबर." भय्यासाहेब शब्दाला जागून लांब बसले होते.

या वेळी मात्र दाते जुळेनात. जयू आतून ओरडायची, बापू समोर पाना धरून नुसते उभे. शेवटी तिनं एक छोटा पाना उचलला आणि गिअर बॉक्सवर ठोकला. एकदा. बापूंचा दुसरा हात इंजिनवर होता. त्यांनी चमकून पाहिलं. मधल्या पत्र्यामुळे जयू दिसत नव्हती. पुन्हा एक ठोका. त्यांनी इंजिन केसभर फिरवलं. पुन्हा एक, पुन्हा केसभर. मग दोन ठोके. ते थांबले. आतून जयूनं खांदा लावला आणि गिअर बॉक्स सरकन आत बसला.

क्लच दाबल्यावर नीट सुटला, गिअर लोण्यासारखा पडला. पण इंजिनाचा सूर लावायचा राहिला होता. व्हॉल्व्हांची फट नेमकी किती, हे बापू मापानं आधी लावत, पण शेवट कानावर करत. पाना हातात घेऊन ते उभे राहिले. इंजिन चालू होतं आणि त्यांच्यासाठी शेड जवळजवळ शांत होतं.

"जयू," ते म्हणाले, "काय म्हणतंय हे?"

ती त्यांच्या समोर, इंजिनाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडून, ओठ नीट हलवत बोलली, "मोहरी तडतडतेय. पण एकसारखी नाही. एक दाणा उशिरा फुटतो."

"कुठला? बोट ठेव."

तिनं ठेवलं. मागून दुसरा. बापूंनी तिथला स्क्रू थोडा आवळला.

"आता?"

"आता फार लवकर फुटला."

ते किंचित सैल करत गेले, तिच्या चेहऱ्याकडे बघत. तिची भुवई हळूहळू खाली आली.

"आता सगळी मोहरी एकसारखी."

"नक्की? की मला बरं वाटावं म्हणून?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी कधी काय केलंय?"

भय्यासाहेब लांबून म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, पराग विचारत होता, त्याच्या नव्या गाडीतून पण कसला तरी आवाज येतोय. आणू का?"

जयूनं ते बापूंना समोरून, शब्द शब्द करून सांगितलं. बापूंनी हात पुसले.

"सोमवारी आण म्हणावं," ते म्हणाले. "सकाळी. स्वयंपाक आटोपला की हिला वेळ असतो."